लॅपटॉप, चार्जरसकट

गरजू विद्यार्थ्याला संगणक द्यायचा, हे आपल्याकडे अर्ध्या तासात ठरतं. कोणाच्या हस्ते द्यायचा, हे ठरेपर्यंत विद्यार्थी पदवीधर होतो. मग त्याच्या धाकट्या भावाचं नाव यादीत घालावं लागतं आणि यादी पुन्हा मंजुरीला जाते.

यात आपण एकटे नाही. २००५ च्या नोव्हेंबरात ट्युनिसला संयुक्त राष्ट्रांची परिषद भरली होती. तिथे एमआयटीचे निकोलस निग्रोपॉन्टी यांनी गरीब मुलांसाठीचा शंभर डॉलरचा लॅपटॉप जगाला दाखवला. वीज नसेल तिथेही चालावा म्हणून त्याला बाजूने एक फिरवायची दांडी होती. ती दांडी सरचिटणीस कोफी अन्नान यांच्या हस्ते फिरवण्यात आली आणि त्यांच्या हस्तेच राहिली. पुढे दांडी गेली आणि किंमत जवळजवळ दुप्पट झाली. आपल्या मनुष्यबळ विकास मंत्रालयाने तर २००६ मध्येच ही कल्पना शैक्षणिकदृष्ट्या संशयास्पद ठरवून टाकली होती. तरी ते हिरवे-पांढरे लॅपटॉप २००७ मध्ये कर्जतजवळच्या खैराटला, धनगरवाड्यावरच्या एकशिक्षकी शाळेत पोचलेच. निग्रोपॉन्टी कंबोडियातल्या एका खेड्याची गोष्ट सांगत. तिथे घरच्यांना लॅपटॉप फार आवडला, कारण रात्री घरात सगळ्यात जास्त उजेड त्याचाच पडायचा. लॅपटॉपचा इतका प्रामाणिक उपयोग मी नंतर कुठे ऐकला नाही.

मग आपण स्वतःचा स्वस्त संगणक करायला घेतला. २००९ च्या फेब्रुवारीत तिरुपतीला दहा डॉलरचा लॅपटॉप जाहीर झाला. त्याला पडदा नव्हता आणि कळफलकही नव्हता. ती माहिती साठवायची एक डबी निघाली. तिरुपतीला जाऊन माणसं केस देऊन येतात हे ठाऊक होतं, लॅपटॉपही पडदा देऊन येईल असं वाटलं नव्हतं. त्यानंतर ५ ऑक्टोबर २०११ ला दिल्लीत मनुष्यबळ विकास मंत्री कपिल सिब्बल यांनी 'आकाश' नावाची टॅबलेट सादर केली. सात इंची पडदा, २५६ एमबी रॅम, आणि बोटाने हळुवार स्पर्श केला तर दाद न देणारा स्वाभिमान. अंगठा रेटून दाबल्याशिवाय ती उघडत नसे. त्याच तारखेला कॅलिफोर्नियात ॲपलचे स्टीव्ह जॉब्झ वारले. दोन्ही घटनांचा परस्परसंबंध नाही, असं मी धरून चालतो.

तमिळनाडूने २०११ पासून आणि उत्तर प्रदेशाने २०१३ मध्ये मात्र खरेखुरे लॅपटॉप लाखांनी वाटले. तमिळनाडूत त्यावर जयललितांची छबी होती. उत्तर प्रदेशात लॅपटॉप उघडला की आधी अखिलेश यादव आणि मुलायमसिंह दर्शन देत, मग अभ्यासक्रम. आपल्याकडे असला व्यक्तिपूजेचा प्रकार नाही. आपण लॅपटॉप कोरा देतो आणि फोटो फ्लेक्सवर लावतो, म्हणजे एका लॅपटॉपमागे अठरा जणांची सोय होते.

हे सगळं मला आठवायचं कारण, टाळेबंदीच्या वर्षी मी आमच्या कॉलेजच्या साधनसामग्री समितीवर होतो. मराठीच्या प्राध्यापकाला संगणकातलं काय कळतं, हा प्रश्न कोणी विचारला नाही. इतिवृत्त लिहायला कोणीतरी लागतो.

२०२० च्या मार्चमध्ये कॉलेजं बंद झाली आणि पोरं आपापल्या गावी गेली. मग वरून आदेश आला की शिक्षण थांबता कामा नये. शिक्षण कसलं थांबतंय? ते सुरूच झालं नव्हतं, कारण पोरांकडे यंत्रं नव्हती. २०१७-१८ च्या राष्ट्रीय नमुना पाहणीत शहरी घरांपैकी २३.४ टक्के घरांत संगणक होता आणि ग्रामीण घरांपैकी ४.४ टक्के घरांत. त्यातलं ते पॉइंट चार घर आमच्या तालुक्यात असावं. तिथे मॉनिटर आहे, सीपीयू दुरुस्तीला गेलेला आहे.

आमच्या समितीने पहिलं काम शास्त्रशुद्ध केलं. कोणाकडे मोबाइल, संगणक आणि इंटरनेट नाही, याचं सर्वेक्षण. त्यासाठी गूगल फॉर्म तयार करून त्याची लिंक वर्गांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकली. जितक्यांनी फॉर्म भरला त्या सर्वांकडे मोबाइल आणि इंटरनेट असल्याचं निष्पन्न झालं. शंभर टक्के! प्राचार्यांनी पाय चार्ट काढायला सांगितला. तो एकाच रंगाचा पूर्ण गोल आला, तेव्हा संख्याशास्त्राच्या मॅडम हळूच म्हणाल्या, "सर, ज्यांच्याकडे नाही ते फॉर्म कसा भरतील?" यावर थोडा वेळ शांतता पसरली आणि मग मॅडमना उपसमितीचं अध्यक्ष करण्यात आलं. आपल्याकडे शंका काढणाऱ्याला हीच शिक्षा असते.

मॅडमनी पदरच्या पैशांनी फोन केले. मग खरी माहिती येऊ लागली. बी.कॉम.ची पोरं टॅली मोबाइलवर कशी चालवायची ते विचारत होती. बी.सी.ए.चा एकजण सी-प्रोग्रॅम वहीत लिहून, डोक्यात चालवून, उत्तर बरोबर आलं असं स्वतःच कळवत होता. तिसऱ्या वर्षाच्या मुलींनी अख्खा प्रकल्प एका अंगठ्याने टाइप केला होता. बाकीचे स्वाध्याय हाताने लिहायचे, फोटो काढायचे आणि कॅमस्कॅनरने पीडीएफ करून धाडायचे. २९ जून २०२० ला केंद्राने ५९ चिनी ॲपांवर बंदी घातली, त्यात कॅमस्कॅनर होतं. सीमेवरच्या तणावाची सर्वांत थेट झळ लागली ती आमच्या अर्थशास्त्राच्या अंतर्गत गुणांना.

फोनवर एकाने तर सरळ सांगितलं, "सर, मोबाइल हाय, पर तो दादांबरोबर रानात जातो. सांच्याला येतो."

आता मुद्दा संगणकांचा. ज्या दिवशी ही माहिती समितीपुढे आली, त्याच दिवशी आमच्या खालच्या मजल्यावर, लॅब नंबर दोनमध्ये, चाळीस संगणक झाकणं घालून बसले होते. दाराला कुलूप, कुलपावर सील आणि सीलवर सॅनिटायझर. मी नवखा असल्यामुळे बोलून गेलो, "हेच मुलांना नेऊन देऊ या की!"

आमचे हेडक्लार्क भाऊसाहेब माझ्याकडे पाहून दयेने हसले. त्यांनी डेडस्टॉक रजिस्टर उघडलं. ज्यांनी कधी सरकारमान्य संस्थेत नोकरी केली नाही, त्यांच्यासाठी सांगतो. संस्थेची प्रत्येक टिकाऊ वस्तू, म्हणजे खुर्ची, घंटा, सापळा आणि संगणक, या रजिस्टरात जन्म घेते. तिला नंबर मिळतो. ती मोडली तरी मरत नाही, निर्लेखनाचा ठराव होईपर्यंत ती कागदोपत्री धडधाकट असते. आमच्याकडे एक सायक्लोस्टाइल यंत्र आहे. त्याचे फक्त दोन रूळ उरलेत, पण तब्येत उत्तम.

"सर, हा रकाना बघा," भाऊसाहेब म्हणाले, "वस्तूचं ठिकाण. लॅब नंबर दोन. इथं मी काय लिहू? खालची आळी, मारुतीच्या देवळाशेजारी?"

"लिहा की."

"आणि ऑडिटर तपासणीला आला, तर त्याला मारुतीच्या देवळात नेऊ?"

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. इतिवृत्तात मी 'सविस्तर चर्चा झाली' असं लिहिलं.

तेव्हा नवे लॅपटॉप घ्यायचं ठरलं. तीन दरपत्रकं मागवायची, तर दुकानं बंद. दुकानं उघडली तर लॅपटॉप नाहीत, कारण अख्खं जग एकाच महिन्यात घरून काम करायला बसलं होतं. मालाचे भाव चढत होते आणि आमची मंजुरी जुन्या भावाची होती. प्रत्येक बैठकीत आम्ही मंजुरी वाढवायचो आणि पुढच्या बैठकीपर्यंत भाव आणखी वर गेलेला असायचा. शेवटी एका माजी विद्यार्थ्याने कारखान्याच्या सामाजिक निधीतून काही लॅपटॉप मिळवून दिले, म्हणून ती शर्यत थांबली.

मग हमीपत्राचा मसुदा. हा मी केला, त्यामुळे त्याच्या भाषेबद्दल कोणाची तक्रार नव्हती. त्यात अटी भाऊसाहेबांच्या होत्या. विद्यार्थ्याने लॅपटॉपचा वापर केवळ शैक्षणिक कारणासाठी करावा. शंभर रुपयांच्या स्टॅम्पवर दोन जामीनदारांच्या सह्या आणाव्यात. स्टॅम्पव्हेंडर टाळेबंदीत घरी बसला आहे, ही सबब चालणार नाही. आणि पाचवी अट अशी की लॅपटॉप कोणत्याही परिस्थितीत राहत्या घराबाहेर नेऊ नये.

ही पाचवी अट वाचून एका मुलीने फोन केला. म्हणाली, "सर, घरात रेंज न्हाई. रेंज पाण्याच्या टाकीवर येते." कोकणात तर मुलं-मुली डोंगरावर खोपटं बांधून भर पावसाळ्यात वर्गाला बसत होती, हे पेपरात येत होतं. ३ जून २०२० च्या निसर्ग वादळाने रायगडातल्या किनाऱ्यावरच्या गावांत खांब आडवे केले, तिथे तर टाकीवर चढूनही काही उपयोग नव्हता. आम्ही समितीत दोन तास खल केला. शेवटी 'राहते घर' या संज्ञेत पाण्याच्या टाकीचा समावेश करणारा ठराव सर्वानुमते मंजूर झाला. सूचक मी, अनुमोदक संख्याशास्त्र.

वाटपाचा कार्यक्रम आमदारसाहेबांच्या तारखेसाठी थांबला होता. ती मिळाली १५ फेब्रुवारी २०२१ च्या आदल्या आठवड्यात. १५ तारखेपासून महाराष्ट्रात कॉलेजं निम्म्या उपस्थितीत उघडणार होती. म्हणजे घरी बसून शिकण्यासाठीचे लॅपटॉप आम्ही, घरी बसणं संपायच्या मुहूर्तावर, मुलांना कॉलेजात बोलावून दिले. पण सामाजिक अंतर पाळून. फोटोत एका खोक्याला सहा हात लागलेले दिसतात, पण प्रत्येक हाताला मोजा आहे. कॉलेजांचं मूल्यांकन करणाऱ्या नॅकच्या अहवालाला अक्षांश-रेखांशासह फोटो लागतो, म्हणून एका मुलाला तीन वेळा लॅपटॉप स्वीकारावा लागला. तिसऱ्या वेळी तो इतका भावूक झाला की आमदारांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. तोच फोटो पेपरात आला.

कार्यक्रम संपल्यावर सगळे खोके परत घेतले. रिकामेच होते. आतला माल ऑइलपेंटने नंबर टाकायला गेला होता. काळ्याभोर, गुळगुळीत झाकणावर पांढऱ्या ठसठशीत अक्षरांत कॉलेजचं नाव, योजनेचं नाव, रजिस्टरचा पान क्रमांक. शिपाईमामांचा हात मोठा. एका लॅपटॉपवर नंबर मावला नाही, तो खालच्या बाजूला 'मागे पहा' करून पुरा केला.

पुढे दोन महिन्यांत दुसरी लाट आली आणि कॉलेजं पुन्हा बंद झाली. समितीच्या एका सदस्यांच्या तोंडून "चला, योजना वाया गेली नाही" असं निघून गेलं. ते इतिवृत्तात घेतलेलं नाही.

लॅपटॉप घरी गेल्यावर काय झालं, हे मी मुलांकडून तुकड्यातुकड्याने गोळा केलं आहे, आणि समित्यांच्या कुठल्याही अहवालात ते सापडणार नाही. पहिला शोध हा लागला की लॅपटॉप एकटा काही कामाचा नसतो. त्याला इंटरनेट मोबाइलच्या हॉटस्पॉटवरून मिळतं आणि मोबाइल दादांबरोबर रानात असतो. म्हणजे दिवसभर घरात लॅपटॉप आहे, नेट नाही. संध्याकाळी दादा येतात, तेव्हा नेट येतं आणि घरचेही येतात. आता लॅपटॉपवर सातबारा बघायचा असतो. कारखान्याचं बिल जमा झालं का ते बघायचं असतं. काकूंना माहेरच्या सप्ताहातलं कीर्तन मोठ्या पडद्यावर हवं असतं. शेजारच्या पोराच्या नोकरीचा अर्ज भरायचा असतो, त्याचा फोटो वीस केबीत बसत नाही, त्यात तास जातो. थोरल्या भावाला पब्जी हवा होता, पण सप्टेंबर २०२० मध्येच सरकारने त्याच्यावर बंदी घातली होती. त्या निर्णयाने ग्रामीण मुलींच्या उच्च शिक्षणाला जो हातभार लागला, त्याची नोंद कोणीतरी घ्यायला हवी.

दिवसाचा दीड जीबी डेटा एव्हाना कीर्तनात संपलेला असतो. तो रात्री बारा वाजता नवा होतो आणि लॅपटॉपही साधारण तेव्हाच मोकळा होतो. त्यामुळे आमच्या तालुक्यातल्या कित्येक मुली दोन सत्रं वटवाघळांसारख्या शिकल्या. सकाळी वर्गात कॅमेरा बंद का, असं विचारणाऱ्या प्राध्यापकांना हे ठाऊक नव्हतं. मीही विचारायचो.

परीक्षांचं फार बोलत नाही. सर्वोच्च न्यायालयाने २८ ऑगस्ट २०२० ला अंतिम वर्षाची परीक्षा घ्यावीच लागेल असं सांगितलं. बहुपर्यायी प्रश्न आले आणि पोरं घरी बसून पास झाली. वीज फक्त खेड्यात जाते, हा गैरसमज मात्र त्या ऑक्टोबरात दूर झाला. १२ तारखेला सकाळी खुद्द मुंबईची वीज गेली, लोकल रुळांवर थांबल्या आणि त्या दिवशीच्या विद्यापीठाच्या परीक्षा पुढे ढकलाव्या लागल्या. आमच्या गावाकडे त्या दिवशी वीज होती. लोकांनी मुंबईच्या पाहुण्यांना मुद्दाम फोन करून चौकशी केली.

कॉलेजचे लॅपटॉप मोजकेच होते, म्हणून आम्ही माजी विद्यार्थ्यांना आवाहन केलं होतं की वापरात नसलेले लॅपटॉप द्या. प्रतिसाद उदंड. पुणे, ठाणे, एक तर न्यू जर्सीहून. दान देणाऱ्याचं मन मोठं असतं, पण लॅपटॉप देताना ते नेमकं काय देतं, हे पाहण्यासारखं आहे. बहुतेकांवर विंडोज सेव्हन होती, जिला कंपनीने १४ जानेवारी २०२० लाच रामराम ठोकला होता. एकाचं 'ए' अक्षर उपटलेलं होतं, त्यावर इंग्रजीची विद्यार्थिनी दोन महिने निभावून नेत होती, कसं ते तिलाच माहीत. एकाचा पासवर्ड दात्याला आठवत नव्हता. त्यांनी बायकोच्या वाढदिवसाची तारीख टाकून पाहायला सांगितलं, आणि ती नक्की कोणती याबद्दलही ते ठाम नव्हते. एका लॅपटॉपवर दात्याच्या मधुचंद्राचे साडेसहाशे फोटो होते. आम्ही फोन करून विचारलं, तर ते म्हणाले, "असू द्या हो, जागा पुरते ना?" बॅटऱ्या सगळ्याच मेलेल्या. प्लग निघाला की अभ्यास संपला.

आणि चार्जर! लॅपटॉप देतात, पिशवी देतात, सोबत माउसचं पॅडसुद्धा देतात. चार्जर ठेवून घेतात. का ठेवतात, हे मी काहींना विचारलं. सगळ्यांचं उत्तर एक: लागतो कधीतरी. कशाला लागतो? ज्या यंत्राला तो लागायचा, ते तर आमच्याकडे आलं! न्यू जर्सीवाल्यांनी तेवढा चार्जर पाठवला, पण त्याच्या चपट्या पिना आपल्या बोर्डात जाईनात. तालुक्याच्या इलेक्ट्रिशियनने त्याची वायर तोडून आपली टॉप जोडली, आणि तो एकच लॅपटॉप सर्वांत जास्त टिकला.

२० ऑक्टोबर २०२१ ला कॉलेजं नीट उघडली. लॅपटॉप परत आले, भाऊसाहेबांनी भौतिक पडताळणी केली. काही लॅपटॉप अगदी आहे तसे होते, पडद्यावरची प्लास्टिकची फिल्मसुद्धा निघाली नव्हती. त्यांच्यापुढे 'सुस्थितीत' असा शेरा पडला. काहींची अक्षरं घासून पुसली गेली होती, स्पेसबारला खळगा पडला होता. त्या विद्यार्थ्यांकडून खुलासा मागवण्यात आला. एका मुलीने खुलाशात लिहिलं, 'वापरल्यामुळे.' भाऊसाहेबांनी तो असमाधानकारक ठरवला.

त्याच आठवड्यात लॅब नंबर दोनचं सील काढलं. दीड वर्ष जपून ठेवलेल्या चाळीस संगणकांपैकी निम्म्यांहून अधिक सुरूच होईनात. यूपीएसच्या बॅटऱ्या फुगल्या होत्या, दोन सीपीयूंत उंदरांनी बाळंतपणं केली होती. जे सुरू झाले, त्यांच्या घड्याळांत वेगवेगळी सालं होती. हे सगळे संगणक ठिकाणावर हजर होते, त्यामुळे त्यांच्यापुढेही 'सुस्थितीत' असाच शेरा आहे.

करोना गेला, तशी घरून शिकायची गरज गेली असं समजू नका. केंद्राच्या 'स्वयम्' या ऑनलाइन मंचावरचे अभ्यासक्रम करून चाळीस टक्क्यांपर्यंत श्रेयांक मिळवायला विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२१ पासून मुभा दिली आहे, आणि नाशिकच्या मुक्त विद्यापीठाची पोरं तर १९८९ पासून घरूनच शिकतात. यंत्र त्यांनाही लागतं. तेव्हा वाचकहो, तुमच्या कपाटावर जुना लॅपटॉप पडून असेल तर तो जवळच्या कॉलेजात जरूर द्या. आधी सुरू होतो का पाहा. त्यातले आपले फोटो काढून घ्या. पासवर्ड एका कागदावर लिहून वर चिकटवा. आणि टीव्हीखालच्या खणात, त्या जुन्या रिमोटांच्या मागे, गुंडाळून ठेवलेला जो काळा चार्जर आहे, तो त्याचाच आहे. तोही द्या.